विमानाचे सुटे भाग आणि सीमेवरचा जिल्हा : औद्योगिक धोरणाचा एक अभ्यास

उद्योगधंदे मोठ्या शहरांभोवतीच का एकवटतात आणि दूरच्या जिल्ह्यांत ते कसे रुजविता येतील, हा प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळातील नियोजनात सातत्याने चर्चिला गेला आहे. साखर कारखाने, सूतगिरण्या व दूधसंघ ग्रामीण भागात वाढले, याचे कारण उघड आहे. त्यांचा कच्चा माल गावच्या शेतात व गोठ्यातच निर्माण होतो. विमानाच्या सुट्या भागांच्या उद्योगास असा कोणताही स्थानिक आधार नसतो. त्याला लागणारी मिश्रधातू बहुतांशी परदेशातून येते, आराखडा परदेशातून येतो आणि तयार मालाचे गिऱ्हाईकही बहुधा परदेशीच असते. असे असूनही बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यात, पुणे-बंगळूर महामार्गावरील हत्तरगी येथे, जागतिक विमान कंपन्यांना लागणारे भाग आज तयार होतात. हे कसे घडले, आणि इतर सीमावर्ती व आडवळणाच्या जिल्ह्यांना त्यातून काय शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्थानी आश्रयाची पूर्वपीठिका

उद्योगाला जागा व भांडवल देऊन एखाद्या प्रदेशात आणण्याची कल्पना नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातच झाला. सायकलींच्या दुकानापासून सुरू झालेला हा व्यवसाय कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांपर्यंत पोहोचला. पुढे नगराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल येथे जमीन दिली आणि बिनव्याजी कर्जही दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका शहराने गमावलेला उद्योग दुसऱ्या प्रदेशाने उचलून घेतल्याचे हे उदाहरण औद्योगिक धोरणाच्या कोणत्याही अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विमान उद्योगाचा आरंभही संस्थानी साहाय्यानेच झाला. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी विमान कारखान्याची योजना आखली. म्हैसूर संस्थानने तीत भागभांडवल घातले आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. पुढे महायुद्धाच्या निकडीमुळे हा कारखाना सरकारच्या व्यवस्थापनाखाली गेला. बंगळूर हे विमान उद्योगाचे केंद्र बनले, त्यामागे १९४० सालचा हा निर्णय आहे. एका निर्णयाची फळे अनेक पिढ्यांना मिळतात, हे यावरून दिसून येते.

एक विमान, तीन ठिकाणे

१९६०च्या दशकात मिग-२१ या लढाऊ विमानाचे उत्पादन भारतात करण्याचे ठरले, तेव्हा सारे काम एकाच ठिकाणी न ठेवता तीन राज्यांत विभागले गेले. विमानाचा सांगाडा नाशिकजवळील ओझर येथे, इंजिन ओडिशातील कोरापुट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे तयार व्हावीत, अशी योजना होती. १९६४ साली हे कारखाने व बंगळूरचा कारखाना एकत्र येऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजेच एच.ए.एल., ही कंपनी अस्तित्वात आली.

या तिन्ही ठिकाणांचा पुढील अनुभव सारखा नव्हता. ओझरपासून नाशिकच्या सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहती जवळ होत्या. त्यामुळे विमान कारखान्यातील कामाचा काही भाग बाहेरच्या यंत्रशाळांकडे जाऊ शकला. कोरापुट जिल्ह्यातील सुनाबेडा येथे डोंगराळ, आदिवासीबहुल प्रदेशात कारखाना, वसाहत, शाळा व रुग्णालय असे एक नवे नगरच उभे राहिले. तेथील इंजिन कारखान्याने अनेक दशके देशाची सेवा केली आहे. परंतु आसपास यंत्रशाळांची परंपरा नसल्याने जवळजवळ प्रत्येक काम कारखान्याच्या आवारातच करावे लागले. कुंपणाबाहेर सुट्या भागांचे पूरक उद्योग नाशिकइतके वाढले नाहीत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. सरकार कारखाना कोठेही उभारू शकते. त्याच्याभोवती उद्योग वाढायचा असेल, तर धातूकामाची जाण असलेले कारागीर व छोटे कारखानदार त्या परिसरात अगोदरपासून असावे लागतात, किंवा ते घडविण्याचा स्वतंत्र कार्यक्रम तरी हाती घ्यावा लागतो.

सवलतींचे धोरण व त्याच्या मर्यादा

१९७१ साली केंद्र सरकारने निवडक मागास जिल्ह्यांतील नव्या कारखान्यांना भांडवली गुंतवणुकीवर अनुदान देण्याची योजना सुरू केली. आरंभी १० टक्के असलेला हा दर पुढे वाढविण्यात आला. १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आली. राज्य सरकारांनी औद्योगिक विकास महामंडळे स्थापून जमीन, पाणी व वीज यांची सोय केली आणि विक्रीकरात सूट दिली.

या प्रयत्नांचे परीक्षण बी. शिवरामन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने केले. मागास म्हणून जाहीर झालेल्या जिल्ह्यांपैकी मोजक्याच जिल्ह्यांना अनुदानाचा मोठा वाटा मिळाला आणि हे जिल्हे बहुधा आधीच विकसित असलेल्या औद्योगिक केंद्रांच्या शेजारचे होते, असे समितीस आढळले. उद्योजकाने सवलत घेतली, पण शहराचा आसरा सोडला नाही. यास्तव विखुरलेल्या अनुदानापेक्षा निवडक विकास केंद्रे सर्व सोयींनी सज्ज करावीत, हा विचार पुढे आला. विमानाच्या भागांसारख्या काटेकोर उद्योगास तर तो विशेषच लागू पडतो. तसे का, हे समजण्यासाठी विमानाचा एखादा भाग कसा तयार होतो ते पाहिले पाहिजे.

विमानाचा भाग कसा तयार होतो

विमानाच्या पंखात किंवा दरवाजाच्या चौकटीत बसणारा ॲल्युमिनियमचा एक कंस घेऊ. प्रथम मिश्रधातूचा ठोकळा संगणकनियंत्रित यंत्रावर, म्हणजे कारखान्यात ज्याला सी.एन.सी. मशीन म्हणतात त्यावर, कापला जातो. भाग हलका पण मजबूत असावा लागत असल्याने ठोकळ्यातील पुष्कळशी धातू कीस होऊन बाहेर पडते. उरलेल्या भागाची मापे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत तपासली जातात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या अचूकतेची कल्पना येईल.

यानंतर भागाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारी चीर नाही ना, याची तपासणी होते. त्यासाठी भागावर चकाकणारे द्रव्य पसरतात. ते चिरेत शिरते आणि विशिष्ट प्रकाशात ती चीर उजळून दिसते. पुढे गंज व झीज रोखण्यासाठी रासायनिक कुंडांत पृष्ठप्रक्रिया केली जाते व तीवर रंगाचा पहिला थर दिला जातो. शेवटी तो भाग इतर भागांशी जोडून लहान संच तयार होतो. धातू कोणत्या भट्टीतून आली, कोणत्या यंत्रावर कापली गेली, कोणी तपासली आणि कोणत्या दिवशी कुंडात बुडविली, याची नोंद प्रत्येक टप्प्यावर ठेवावी लागते.

ही नोंद केवळ कागदी सोपस्कार नव्हे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे एका प्रवासी विमानाला अपघात होऊन शंभरावर माणसे दगावली. इंजिनातील पंख्याची टायटॅनियमची तबकडी फुटल्याने तो अपघात झाला होता. चौकशीत दोषाचे मूळ त्या धातूच्या वितळकामात, म्हणजे सुमारे १८ वर्षांपूर्वीच्या प्रक्रियेत, असल्याचे निष्पन्न झाले. त्याच सुमारास तयार झालेल्या इतर तबकड्या शोधून काढणे मग निकडीचे ठरले आणि असा शोध जुन्या नोंदींच्याच आधारे घेता येतो. म्हणूनच विमान कंपन्या भागाच्या मापाइतकेच महत्त्व त्याच्या नोंदीला देतात. या उद्योगात 'एएस ९१००' या गुणवत्ता मानकाची, तसेच पृष्ठप्रक्रिया, उष्णोपचार व चीर-तपासणी यांसारख्या विशेष प्रक्रियांसाठी 'नॅडकॅप' या मान्यतेची अट घातली जाते.

आता दूरच्या जिल्ह्यातील एखाद्या यंत्रशाळेची अडचण ध्यानात येईल. भाग तिथे उत्तम कापला गेला, पण मान्यताप्राप्त पृष्ठप्रक्रियेची सोय जवळपास नसली, तर तो शेकडो मैल दूर, प्रसंगी परदेशी, पाठवावा लागतो. प्रक्रिया झाल्यावर जुळणीसाठी तो आणखी कोठे तरी जातो. प्रत्येक प्रवासात वेळ, भाडे व भाग खराब होण्याचा धोका वाढत जातो. अशा स्थितीत मजुरीतील व जमिनीच्या किमतीतील बचत वाटेतच संपून जाते.

बेळगावची पार्श्वभूमी व हत्तरगीचा प्रयोग

बेळगाव परिसरात बॉक्साइट सापडते व त्याच्या आधारे शहराजवळ ॲल्युमिनाचा कारखानाही उभा राहिला. परंतु विमान उद्योग येथे आला तो या खनिजामुळे नव्हे. ॲल्युमिनापासून विमानाच्या दर्जाची मिश्रधातू होईपर्यंत वितळकाम, मिश्रण, लाटण व उष्णोपचार असे अनेक टप्पे असतात आणि ते येथे नव्हते. बेळगावचे खरे भांडवल वेगळे होते. उद्यमबाग व आसपासच्या वसाहतींत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे असंख्य कारखाने अनेक दशके चालत आले होते. पंप, इंजिने व मोटारगाड्या यांचे भाग तेथे होत. उत्तरेस कोल्हापूरच्या शिरोली व गोकुळ शिरगाव येथेही तोच व्यवसाय फोफावला होता. टर्नर, फिटर, पॅटर्न बनविणारे व साचेकार यांच्या दोन-तीन पिढ्या या पट्ट्यात तयार झाल्या. जोडीला औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये होती. १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावातच आहे.

२००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे 'सेझ'चा, कायदा झाला. निर्यातीसाठी उत्पादन करणाऱ्या कारखान्यांना अशा क्षेत्रात आयात शुल्क व कर यांत सवलती मिळतात. या कायद्याचा आधार घेऊन २००९ च्या सुमारास हत्तरगी येथे सुमारे २५० एकर जागेत अचूक अभियांत्रिकी कामासाठी क्षेत्र विकसित झाले. अरविंद मेळ्ळीगेरी यांनी स्थापन केलेली व आज एकस या नावाने ओळखली जाणारी कंपनी त्यामागे होती. एरवी अनेक ठिकाणी विखुरलेले टप्पे एका आवारात आणणे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय. कॅनडाच्या मॅगेलन कंपनीच्या भागीदारीत पृष्ठप्रक्रियेचा विभाग उभा राहिला. फ्रान्सच्या ओबेर ए द्युवाल कंपनीच्या भागीदारीत घडाईचा कारखाना निघाला आणि तेथे १० हजार टन दाबाचा हायड्रॉलिक प्रेस बसविण्यात आला. यंत्रकाम व जुळणीचे विभागही त्याच परिसरात आले. घडविलेला भाग महामार्गावर न येताच कापला जाऊ लागला, त्यावर प्रक्रिया होऊ लागली आणि तो जोडला जाऊ लागला. एअरबससारख्या कंपन्यांना येथून माल जाऊ लागला.

राज्याच्या धोरणानेही या दिशेस पाठबळ दिले. कर्नाटकाने २०१३ ते २०२३ या कालावधीसाठी स्वतंत्र एरोस्पेस धोरण आखले. त्यापाठोपाठ २०२२ ते २०२७ साठी एरोस्पेस व संरक्षण धोरण आले आणि त्यात बंगळूरबरोबर बेळगाव, म्हैसूर, तुमकूर व चामराजनगर यांचा या उद्योगाची केंद्रे म्हणून विचार झाला. राज्याच्या औद्योगिक धोरणात बंगळूर शहर व ग्रामीण जिल्ह्यांपेक्षा इतर जिल्ह्यांना अधिक सवलती देण्याचे तत्त्वही स्वीकारलेले आहे.

जुन्या कारखान्यांना वाव कितपत?

या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हत्तरगीचे क्षेत्र व उद्यमबागेतील छोटा कारखाना यांच्यातील अंतर रस्त्याने तासाभराचे असले, तरी व्यवहारात ते बरेच मोठे आहे. बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्याचे मुख्य कसब लोखंडाच्या ओतकामाचे आहे. विमानाच्या सांगाड्यात मात्र घडाई केलेले व ठोकळ्यातून कापलेले ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमचे भागच प्रामुख्याने लागतात. त्यामुळे ओतशाळेचा थेट उपयोग मर्यादित राहतो. यंत्रशाळांना वाव आहे, पण वाट सोपी नाही.

समजा, पाच-सहा सी.एन.सी. यंत्रे असलेल्या एखाद्या कारखानदाराने या कामात उतरायचे ठरविले. त्याला त्रिमिती मापनयंत्र घ्यावे लागेल, तपासणी कक्षाचे तापमान स्थिर राखावे लागेल, मानकाचे परीक्षण करून घ्यावे लागेल आणि नमुन्याचे भाग बनवून मंजुरीची वाट पाहावी लागेल. या सर्वांत महिने, कधी वर्षेही जातात. तोवर उत्पन्न काहीच नसते आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरू असतात. मोटारगाडीच्या भागांच्या ऑर्डरी हजारोंच्या संख्येने येतात, तर विमानाच्या एकाच भागाची मागणी महिन्याला दहा-वीस नगांचीही असू शकते. हा हिशेब न मांडता केवळ प्रतिष्ठेसाठी या धंद्यात पडणारा कारखानदार अडचणीत येण्याचा संभव अधिक. उलट धीराने मान्यता मिळविणाऱ्यास दीर्घकाळ टिकणारे काम मिळते, कारण विमानाचे एखादे प्रतिमान दशकानुदशके उत्पादनात राहते आणि मंजूर पुरवठादार सहसा बदलला जात नाही.

दूरच्या गिऱ्हाइकावरील अवलंबन

एका मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलेल्या जिल्ह्याला जगातील प्रत्येक हेलकावा जाणवतो. दोन अपघातांनंतर मार्च २०१९ मध्ये बोइंगचे ७३७ मॅक्स विमान जगभर जमिनीवर उतरविण्यात आले. पुढील वर्षी महासाथीमुळे विमानप्रवास जवळजवळ थांबला आणि एप्रिल २०२० मध्ये एअरबसने ए-३२० श्रेणीतील विमानांचे मासिक उत्पादन ६० वरून ४० वर आणण्याचे जाहीर केले. असा निर्णय युरोपात होतो, पण त्याचा परिणाम हुक्केरी तालुक्यातून सायकलने पाळीवर जाणाऱ्या कामगारापर्यंत पोहोचतो.

सरकारी कारखान्यालाही असा खंड चुकत नाही. ओझर येथे मिग व त्यानंतर सुखोई-३० विमानांचे उत्पादन झाले. सुखोईच्या मागणीचा ओघ आटल्यावर कामाचा प्रश्न उभा राहिला. पुढे तेजस मार्क-१ए या विमानाची उत्पादन-साखळी तेथे उभारण्यात आली व १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरहून या विमानाचे उड्डाण झाले. कारखाना टिकला, कारण कामगारांचे कौशल्य एका प्रतिमानाकडून दुसऱ्याकडे वळविता आले. वडोदरा येथील टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमान प्रकल्पाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. सप्टेंबर २०२१ च्या करारानुसार ५६ पैकी ४० विमानांची जुळणी भारतात व्हावयाची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कारखान्याचे उद्घाटन झाले. चाळीस विमानांनंतर काय, हा प्रश्न त्या परिसरातील पुरवठादारांनी व शासनाने आतापासूनच विचारात घेणे हिताचे आहे.

धोरणकर्त्यांसाठी व शिक्षकांसाठी बोध

वरील विवेचनावरून पाच गोष्टी सांगता येतात.

पहिली, सीमावर्ती जिल्ह्यात नेमका उद्योग निवडताना तेथील कसबाचा शोध आधी घ्यावा. जेथे लेथवर काम करणारे हात आहेत, तेथे यंत्रकाम रुजते. जेथे ते नाहीत, तेथे सवलत संपताच उद्योग निघून जाण्याची भीती असते.

दुसरी, अनुदानाचा पहिला रुपया सामायिक सोयींवर खर्च व्हावा. मान्यताप्राप्त पृष्ठप्रक्रिया, उष्णोपचार, चीर-तपासणी व मापन-प्रयोगशाळा या सोयी एकेका छोट्या कारखान्याला परवडत नाहीत. त्या एका ठिकाणी उपलब्ध झाल्या, तर दहा-वीस कारखाने एकदम पुढे येऊ शकतात. सोबत कुंडांतील रासायनिक सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची व्यवस्था अनिवार्य असावी. ज्या गावाने जमीन दिली, त्याच गावाच्या विहिरी खराब झाल्या तर तो विकास म्हणता येणार नाही.

तिसरी, मान्यतेच्या प्रतीक्षाकाळात कारखानदाराला खेळत्या भांडवलाचा आधार मिळावा. यंत्रखरेदीसाठी कर्ज मिळते, पण वाट पाहण्यासाठी मिळत नाही आणि नेमक्या त्याच काळात छोटा उद्योजक मोडतो.

चौथी, एकाच गिऱ्हाइकावर भिस्त नसावी. विमानाच्या भागांसाठी मिळविलेली अचूकता वैद्यकीय उपकरणे, संरक्षण सामग्री व यंत्रावजारे यांतही उपयोगी पडते. मंदीच्या काळात हीच दुसरी दारे कारखाना चालू ठेवतात.

पाचवी गोष्ट शिक्षणाची. या उद्योगात पदवीधर अभियंत्यांइतकीच आराखडा बिनचूक वाचणाऱ्या, मायक्रोमीटर नीट हाताळणाऱ्या आणि केलेल्या कामाची खरी नोंद लिहिणाऱ्या कामगारांची गरज असते. तिसरा गुण सर्वांत अवघड आहे. हातून बिघडलेला भाग लपवून पुढे ढकलणारा कामगार कितीही कुशल असला, तरी या कामास अपात्र ठरतो. जो दिसले तेच लिहितो आणि चूक झाल्यास तत्काळ सांगतो, त्याच्यावर शेकडो प्रवाशांचे प्राण विसंबून असतात. ही सवय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या दोन वर्षांत एकाएकी लागत नाही. शाळेच्या प्रयोगवहीत मोजमाप जसे आले तसेच लिहिण्याची शिस्त शिक्षकांनी लावली, तर तिचा पाया सातवी-आठवीतच घातला जातो.

सीमाभागातील गावे राजधानीपासून दूर असतात, हे भूगोलाने ठरविलेले आहे. परंतु त्यांच्या परिसरात कोणती कौशल्ये जोपासावीत, कोणत्या सोयी आधी उभाराव्यात आणि आलेल्या उद्योगाचा लाभ जुन्या कारखानदारांपर्यंत व गावातील तरुणांपर्यंत कसा पोहोचवावा, हे ठरविणे शासन, उद्योजक व ग्रामस्थ यांच्या हाती आहे. हत्तरगीच्या माळावर टप्पे एकत्र आणण्याचे काम झाले. आता त्या साखळीत उद्यमबागेतील कारखान्याला आणि हुक्केरी, गोकाक, चिकोडी या तालुक्यांतील प्रशिक्षित मुलामुलींना जागा मिळवून देणे, हे पुढील काळाचे कार्य आहे.